लॅपटॉपचा जोगवा

आमची आत्या कधी काही मागायची नाही. ती वस्तूला नाव ठेवायची. नळदुर्गला आमच्या घरी आली की आधी पाय धुवायची, चटईवर टेकायची, तांब्याभर पाणी प्यायची, आणि मग तिचे डोळे फडताळावरून, कोनाड्यावरून, दोरीवरच्या साड्यांवरून सावकाश फिरायला लागायचे. ते जिथं थांबतील ती वस्तू गेली म्हणून समजा. "कमल, हा मिक्सर लई आवाज करायलाय गं. आतलं काहीतरी झिजलंय. म्या नेते तुळजापूरला, आमच्या गल्लीत चांगला माणूस हाय." मिक्सर तुळजापूरला गेला तो तिथंच नांदला. आईची इरकली साडी 'तुझ्या रंगाला उठत न्हाय' म्हणून गेली. पितळी डबा 'तळाला गळतंय' म्हणून गेला, आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच डब्यातून आत्या आम्हाला चिवडा वाढायची. तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायचे. इथं लिहिताना करणार नाही, कारण इथं मला अडवायला अण्णा नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत क्लार्क. आत्या त्यांची थोरली बहीण. त्यांची आई लहानपणीच गेली आणि आत्यानं त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं, त्यामुळं आत्यापुढं अण्णांची मान कायम खाली. ती काही उचलून निघाली की अण्णा स्वतः पिशवी द्यायचे. आई 'जाऊ दे,' एवढंच म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची. लहान होते तेव्हा मला वाटायचं, आईला खरंच काही वाटत नाही. जरा मोठी झाल्यावर ध्यानात आलं की आत्याची नजर थांबायची ती नेमकी आईच्या माहेरून आलेल्या वस्तूवर. अण्णांनी आणलेल्या वस्तूला आत्या कधी नाव ठेवायची नाही. आणि 'जाऊ दे' म्हणून झालं की आई पुढची भाकरी इतक्या जोरात थापायची, की शेजारच्या टायरच्या दुकानातल्या हातोड्यासोबत तिचा ताल धरला जायचा.

आमचं घर हायवेच्या जरा आत. दिवसभर सोलापूर-हैदराबाद ट्रकांचे हॉर्न, एकाचं गाणं संपलं की दुसऱ्याचं सुरू. पाहुण्यांना ते नकोसं व्हायचं, आम्हाला मात्र हॉर्न थांबले की चुकल्यासारखं वाटायचं. त्या हायवेच्या पार टोकाला, हैदराबादला, आईचा भाऊ राहायचा, दत्तामामा. कापडाच्या दुकानात कामाला होता. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा त्यानं फोनवर विचारलं, "बोल अर्चे, काय पायजे?" मी कसलाही विचार न करता बोलून गेले, "गेम खेळता येईल असा लॅपटॉप." गेमचं नावही सांगून टाकलं. मग मामा हसला आणि म्हणाला, "व्हय. बगतो."

आता गेमचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, नळदुर्गच्या क्लार्कची पोरगी आणि गेम कसले खेळते. स्टँडाजवळ एक नेट कॅफे होतं. अर्ज भरायला म्हणून मी तिथं जायचे आणि अर्ज भरून झाला की उरलेला वेळ घोड्यावर बसायचे. तसा तो गेमच होता. घोड्यावरून फौज न्यायची, वाटेत रसद गोळा करायची, किल्ल्याला वेढा घालायचा, दरवाजा फोडायचा आणि बुरुजावर आपलं निशाण लावायचं. कॅफेतली पोरं गोळ्या झाडायचे गेम खेळायची, मी एकटी किल्ले घ्यायचे. आमच्या गावात एवढा थोरला किल्ला, आम्ही लहानपणापासून त्यात बोरं वेचायला जाणाऱ्या, त्यामुळं तटाला कुठून भिडावं ते मला बरोबर कळायचं. त्या उन्हाळ्यात त्याच गेमचा नवा भाग आला होता. त्यात म्हणे घोड्याच्या मानेवरचा केस न् केस हलायचा. पण त्याला दांडगं मशीन लागायचं. कॅफेतल्या मशीनवर तो सुरूसुद्धा व्हायचा नाही. मी नुसते त्याचे व्हिडिओ बघून लाळ गाळायचे.

लॅपटॉप ट्रकमधून आला. मामाच्या ओळखीचा ड्रायव्हर धाब्यावर जेवायला थांबला आणि खोकं आमच्या दारात ठेवून गेला. आईनं ते आधी देवापुढं नेलं. झाकणाच्या कोपऱ्यावर हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली. चेहरा तिचा असा उजळला होता, की मी लॅपटॉप सोडून तिच्याकडंच बघत राहिले. "माझ्या भावानं दिलंय," ती टायरवाल्याच्या बायकोला तीनतीनदा सांगत होती. "दुकानदाराला म्हणाला, भाचीला गेम खेळायचेत, सगळ्यात ताकदीचा द्या." त्या दिवशी येसराची आमटी, भात आणि शेवयांची खीर झाली. मी डाव्या हातानं झाकण कुरवाळत उजव्यानं जेवले.

आणि दोनच दिवसांत आत्या आली, सोबत सुशांत. सुशांत तिचा एकुलता एक, पुण्याला इंजिनिअरिंगला. माझ्याहून मोठा. आमच्याकडं येऊन सगळ्यांना दुरुस्त करत फिरायचा तो. पंखा चुकीच्या बाजूला फिरायलाय, टीव्हीची वायर चुकीची, माझं बोलणं खेडवळ. लॅपटॉप बघितला आणि त्याचे डोळे अगदी आईवर गेले. म्हणजे त्याच्या आईवर. सावकाश फिरून जागेवर थांबले. "सेटिंग करून देतो," म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून बसला, असा की पडदा एकट्या त्याला दिसावा. बराच वेळ खटखट करत होता. मी चहा आणून दिला, धपाटे आणून दिले, मूर्खासारखी वारा घालायला पण बसले असते. मग त्यानं मोठ्या मनानं पडदा आमच्याकडं फिरवला. त्याच्याकडं तो नवा गेम होता, तो त्यानं घालून दिला होता. मी जीव मुठीत धरून बघत होते. घोड्यानं एक पाय उचलला आणि तो पाय तसाच वर राहिला. मग एकदम पुढं चार हात सरकला, परत थांबला. फौजेतली माणसं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिसत होती. पुढं तर सगळंच गोठलं.

"मामी," सुशांत माझ्या आईला म्हणाला, अगदी डॉक्टरनं घरच्यांना सांगावं तशा आवाजात, "यात ताकदच न्हाय. नव्या गेमचं तर सोडाच. तुमच्या भावाला दुकानदारानं टोपी घातली."

मला रडू आलं ते घोड्यासाठी. आईचं तोंड उतरलं ते भावासाठी. आत्यानं लगेच सूर धरला, "अगं, हैदराबादचा बाजार तो. भोळाय बिचारा दत्ता. न्हायतर स्वस्तातला बघून घेतला असंल. आपण कशाला कुणाच्या ऐपतीवर बोला." एवढं बोलून घेतलंच. आणि मग ते नेहमीचं वाक्य आलं, या खेपेला पोराच्या तोंडून. पुण्यात ओळखीचा माणूस आहे, ताकद वाढवून मिळते का बघतो, तोवर माझा जुना ठेवतो अर्चनाला. अण्णांनी पिशवी आणून दिली. "दे पोरी, तो इंजिनिअर हाय, त्याला कळतंय," म्हणाले. जाताना सुशांत माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. ती टपली मला अजून लागते.

त्याचा जुना लॅपटॉप म्हणजे नुसता डबा होता. वायर काढली की बंद, लावली की तापायचा. पण त्याचं मला काही नव्हतं. जिव्हारी लागलं ते वेगळंच. आत्यानं ती गोष्ट सगळ्या नातेवाइकांत फिरवली. लग्नात, बारशात, जिथं जाईल तिथं. 'कमलच्या भावानं पोरीला काय दिलं, तर बंद पडलेलं मशीन.' आई ऐकून घ्यायची. मामाला तिनं एका शब्दानं कळू दिलं नाही. मामाचा फोन आला की म्हणायची, "लई भारी चाललंय, पोरगी खूश हाय," आणि फोन ठेवून तशीच उभी राहायची.

एकदा आई पाण्याला गेलेली असताना मामाचा फोन मीच घेतला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, दुकानात तुम्ही लॅपटॉप चालू करून बघितला होता का हो?" तर मामा उसळलाच. "म्हंजे काय! तो घोड्याचाच गेम लावून दाखवला की दुकानदारानं. तूच सांगितलंवतंस ना नाव. काय घोडा पळायला होता अर्चे, माझं तर डोकं गरगरलं. म्या म्हणलं, बास बास, बंद करा, माझ्या भाचीला पडंल हा!" मी फोन हातात धरून उभी. हैदराबादला गरगरवणारा घोडा नळदुर्गला येईपर्यंत लंगडा कसा झाला?

त्या वेळी मी तुळजापूरच्या कॉलेजात जायला लागले होते, एसटीनं. कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून मी शोधायला लागले. अभ्यासात कधी घातलं नाही एवढं डोकं त्यात घातलं. आणि मला ते सापडलं. तसल्या लॅपटॉपच्या पोटात चित्र काढणारे दोन भाग असतात. एक साधा, टायपिंगला आणि पिक्चर बघायला पुरेल एवढा. दुसरा ताकदीचा, गेमसाठी. सेटिंगमध्ये जाऊन तो दुसरा भाग बंद केला की सगळा भार साध्यावर पडतो आणि घोडा तीन पायांवर उभा राहतो. परत चालू केला की पळायला लागतो. त्याला कसला माणूस लागत नाही, ना पुण्याचा ना कुठला. आता माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती हसते, म्हणते, आई, हे तर कुणालाही कळतं. कळत असेल. आमच्या घरात तेव्हा कुणालाही कळत नव्हतं, आणि त्यावरच तर सुशांतचं सगळं दुकान चाललं होतं.

तरी मला डोळ्यांनी नाहीतर कानांनी खात्री पाहिजे होती. आत्याचं घर देवळाजवळच्या एका गल्लीत. सुशांत सुटीला आलाय कळल्यावर मी कॉलेज सुटल्यावर तिकडं गेले. आईनं दिलेल्या शेंगाचटणीचा डबा हातात होताच. दार लोटलेलं. मी हात उचलला आणि आतून आवाज आला. टापांचा. एक दोन घोड्यांच्या नाही, अख्ख्या फौजेच्या टापा, कुठं अडखळणं नाही, थांबणं नाही. मग शिंग फुंकलं. मग लाकडाचा थोरला दरवाजा कडाडून मोडला आणि सुशांत आतून ओरडला, "घेतला! अजून एक घेतला!" कॅफेत मी तो दरवाजा कितीदा फोडला होता. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आत्यानं दार उघडलं, मला बघून दचकली, आणि लगेच आतल्या खोलीचं दार ओढून घेत म्हणाली, "टीव्ही लागलाय गं. कसली पौराणिक मालिका." मी चटणीचा डबा दिला, पाया पडले आणि परत एसटीत येऊन बसले. दातओठ खात म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, नळदुर्ग येईपर्यंत माझा जबडा दुखत होता.

आईला सगळं सांगितलं. मामानं सांगितलेलंही. ती चुलीपुढं बसून होती, हातात पिठाचा गोळा तसाच. मला वाटलं, आता म्हणणार, जाऊ दे. तिनं विचारलं, "म्हंजे दत्तानं चांगला दिला होता?" मी म्हणाले, "सगळ्यात ताकदीचा." तिनं हातातला गोळा परातीत ठेवून दिला. त्या दिवशी भाकरी थापायचा आवाजच आला नाही, तिनं भातच टाकला.

पुढं नवरात्र आलं. आईकडं देवीची परडी होती, तिच्या आईकडून आलेली. नवरात्रात आम्ही तुळजापूरला जायचो, दर्शन घ्यायचो आणि आत्याच्या गल्लीत पाच घरं जोगवा मागायचो. ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेताची परडी हातात घेऊन दारात उभं राहायचं, देवीचा उदो करायचा आणि जोगवा वाढा म्हणायचं. घरातली बाई मूठभर पीठ, ज्वारी, जे असेल ते परडीत घालते. श्रीमंत असो गरीब असो, दारात परडी आली की ती रिकामी पाठवत नाहीत. नवरात्रात तर नाहीच. मागणारीनं लाजायचं नाही आणि देणारीनं नाही म्हणायचं नाही. त्या वर्षी आईनं परडी माझ्या हातात दिली. "तुला सवय व्हावी," म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही होतं का, हे मी तिला पुढं अनेकदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही. माझ्या मनात मात्र एसटीत बसल्यापासून एकच होतं.

पहिलं घर आत्याचं. दुपारची वेळ, गल्ली बायकांनी भरलेली, दारोदार परड्या, हलगीचा आवाज, कपाळं मळवटानं लाल. आतून टापा ऐकू येत होत्या. सुशांतला नवरात्राचं काही पडलं नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा!" आत्या हसत हसत पीठ घेऊन आली. मी परडीवर आडवा हात धरला.

"पीठ नको, आत्या. माझा लॅपटॉप घाला."

तिचा हात तसाच राहिला. बोटांमधून पीठ खाली सांडत होतं. "काय म्हणालीस?"

"माझ्या मामानं दिलेला लॅपटॉप. त्यात ताकद न्हाय म्हणून तुम्ही नेलावता. बंद पडलेली वस्तू ऐन नवरात्रात घरात कशाला? घाला परडीत."

"अगं बया! देवीची चेष्टा लावलीस का?" आत्याचा आवाज चढला तशा गल्लीतल्या बायका वळून बघायला लागल्या. "लॅपटॉप तर पुण्याला हाय, दुरुस्तीला."

"मग आत घोडा कुणाचा पळायलाय?" मी म्हणाले, तेही मोठ्यानं. "परडी समोर हाय आत्या. खोटं बोलू नका." नेमका त्याच वेळी आत दरवाजा कडाडला आणि सुशांत ओरडला, "घेतला!" शेजारची एक म्हातारी, कपाळभर कुंकू, कंबरेवर हात ठेवून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "परडी लेकराच्या हातात ताटकळायलीय की गं. घाल जे मागायलीय ते. रिकामी लावू नको आईची परडी."

आत्यानं माझ्याकडं बघणं सोडलं आणि आईकडं बघितलं. हे बघणं मी आयुष्यभर बघत आले होते. त्याचा अर्थ असायचा, कमल, आवर हिला. आणि आई आवरायची. मी मागं वळून बघितलं नाही, मला भीती होती. मला मागून ते 'जाऊ दे' ऐकू यायच्या आत पळून जावंसं वाटत होतं. आणि आईचा आवाज आला. एवढा मोठा आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलेला नव्हता. "आई राजा उदो उदो!" असा उदो एकीनं केला की ऐकणारीला साथ द्यावीच लागते. सगळी गल्ली म्हणाली, उदो उदो. आईनं परत म्हणलं. गल्ली परत म्हणाली. हलगीवाला उगाच जोर करायला लागला.

सुशांत कसला गोंगाट म्हणून बाहेर आला, मला आणि परडीला बघून परत आत वळला. आत्यानंच त्याला ढकललं. "आण बाबा, आण, तमाशा नको." तो लॅपटॉप घेऊन आला. कोपऱ्यावर आईनं लावलेल्या हळदीचा पिवळा डाग तसाच होता. त्यानं तो परडीत ठेवला तेव्हा तो मावेना, निम्मा बाहेर. मी म्हणाले, "चार्जर." तो आत जाऊन चार्जर घेऊन आला. मी म्हणाले, "पासवर्ड." तो दात आवळून काहीतरी पुटपुटला. "मोठ्यानं सांग, ऐकू येईना." "सुशांतकिंग," तो म्हणाला. बायका हसल्या. म्हातारीनं विचारलं, "किंग म्हंजे काय गं?" आणि कुणीतरी तिला सांगितलं, मग ती पण हसली. माझ्या काळजावरचं एवढं ओझं त्या दिवशी उतरलं, काय सांगू. उरलेली चार घरं आम्ही रीतसर मागितली. लोकांनी लॅपटॉपच्या शेजारी पीठ घातलं.

घरी अण्णा भडकले. त्यांच्याआधी आत्याचा फोन पोचला होता. देवीच्या नावानं दरोडा घातला म्हणे. "उद्याच्या उद्या परत करा," म्हणाले. आई पीठ चाळत होती. न बघता म्हणाली, "परडीत पडलेलं परत देत न्हाईत." अण्णांनी मग तिच्याशी बोलणं टाकलं. ताट पुढं आलं की जेवायचे, आणि भिंतीकडं बघून म्हणायचे, "इथं आता आपली किंमत न्हाय." माझ्यावर त्यांचा राग होताच, पण खरा राग होता की पोराला उगाच बदनाम केलं. त्यांना अजूनही वाटत होतं की सुशांतनं पुण्यात ताकद वाढवून आणली असणार, आणि आम्ही त्याचे कष्ट हिसकावले. आईचा जीव नेमका त्यातच अडकला होता. लॅपटॉप आला, पण तिच्या भावाला लागलेली टोपी अजून त्याच्या डोक्यावरच होती.

मी लॅपटॉप उघडला. सुशांतचा सगळा गेम त्यात तसाच होता. उन्हाळ्यापासून त्यानं जिंकलेले किल्ले, नकाशाभर त्याची निशाणं, तबेला भरून घोडे. एकच किल्ला राहिला होता, शेवटचा. मी कशालाही हात लावला नाही. रोज कॉलेजहून आल्यावर उघडून नुसतं बघायचे आणि बंद करायचे. मला घाई नव्हती. मला माहीत होतं की तो येणार.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आला, एकटा. खिशात पेनड्राइव्ह. अण्णा घरीच होते. त्यांना आनंद झाला, "ये ये," म्हणाले. आईनं न विचारता त्याच्यासाठी पण पिठलं वाढवलं. सुशांत माझ्यापाशी आला आणि इतक्या गोड आवाजात बोलला, की मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का. "अर्चना, लॅपटॉप राहू दे तुलाच. फक्त माझा गेम तेवढा यात घेऊ दे. शेवटचा किल्ला राह्यलाय गं. चार महिने खेळलोय."

"घे की," मी म्हणाले. "पण आधी अण्णांना दाखव, तू यात ताकद कशी घातलीस."

तो लाल झाला. अण्णा म्हणाले, "दाखव रे, आम्हाला पण कळू दे." मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला, पण या खेपेला त्याला भिंतीला टेकू दिलं नाही. मध्ये बसवलं, एका बाजूला अण्णा, एका बाजूला आई, हाताला पीठ लागलेली. मी मागं उभी राहिले आणि सांगत गेले. "उघड सेटिंग. खाली जा. तो दुसरा भाग दिसायलाय? कर बंद. आता लाव गेम." घोड्यानं पाय उचलला आणि तो वरच राहिला. अगदी उन्हाळ्यात राहिला होता तसा. "आता बंद कर गेम. परत सेटिंग. कर चालू. लाव." आणि घोडा पळाला. मानेवरचा केस न् केस हलत होता, मागं धूळ उडत होती. आईनं तो पळताना पहिल्यांदाच बघितला. ती तोंडाला पदर लावून बघत राहिली.

अण्णांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण माणूस क्लार्क होता, एकच काम दोनदा डोळ्यांसमोर झालेलं कळायला त्यांना वेळ लागला नाही. "म्हंजे ताकद आधीपासून होती?" त्यांनी विचारलं. सुशांतनं मान खाली घातली. "आन तूच बंद केलीवतीस? इथं, माझ्या घरात बसून?" तो म्हणाला, "अण्णामामा, चेष्टेत केलं..." अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग अण्णा आईकडं वळले. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलत होते, घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या भावानं चांगली वस्तू दिलीवती गं, कमल."

"आता कळलं?" आई म्हणाली, आणि उठून चुलीकडं गेली. चुलीपाशी तिनं डोळे पुसले, ते मला दिसलं. लगेच भाकऱ्या थापायला घेतल्या.

सुशांतनं पेनड्राइव्ह काढला. "दाखवलं ना आता? घेऊ का?" मी लॅपटॉप त्याच्या मांडीवरून उचलला. "म्या घे म्हणाले होते, व्हय. मिक्सर दुरुस्त करून आणते, असं आत्यापण म्हणाल्या होत्या. परत आलं का काही?" मी त्याचा गेम निवडला. खरंच पुसायचं का, असं मशीननं विचारलं. मशीन बिचारं भलं होतं. मी पडदा त्याच्याकडं फिरवला, त्याला नीट दिसावं म्हणून, आणि बटण दाबलं. नकाशा कोरा झाला. एकसुद्धा निशाण राहिलं नाही. एवढा दाढीवाला पोरगा, पण त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. लोक मला म्हणतात, अगं, तेव्हा तुला दया नाही आली? नाही आली. आज लिहितानाही येत नाही. उलट तो ओठ आठवला की हाताला लिहायला जोर येतो.

तो चपला घालायला लागला. आईनं चुलीपासून हाक मारली, "जेवून जा रे, वाढलंय." तो निघून गेला, अण्णा त्याला थांबवायला उठले नाहीत. त्याच्यासाठी वाढलेलं ताट तिथंच होतं, गरम पिठलं, भाकरी, वर तुपाची धार. आईनं ते दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं आणून ठेवलं. माझं जेवण तो यायच्या आधीच झालेलं होतं. तरी मी बसले आणि ते ताट चाटूनपुसून संपवलं.